किल्ली नसलेली तक्रारपेटी

मी एक जुनी तक्रारपेटी आहे. जुनी आहे, पण झिजलेली नाही, कारण झिजायला काम करावं लागतं. मित्रांनो, तुमच्या पुस्तकांत छत्री बोलते, फळा बोलतो, आणि शेवटी सगळे म्हणतात की आम्हाला जपा. मला जपू नका. मी चोराच्या दारातली पाटी होते.

एका सुतारानं मला उरलेल्या फळ्यांतून बनवलं. कागद घडी न घालता जाईल एवढी रुंद फट त्यानं ठेवली होती. बचत कंपनीचा साहेब आला आणि म्हणाला, एवढी कशाला, बोटभर पुरे. सुतार पट्टी ठोकता ठोकता म्हणाला, "साहेब, तोंड लहान केलं म्हणून पोटातलं दुखणं कमी होत नाही." साहेबानं त्याची अर्ध्या दिवसाची मजुरी कापली. मग सुतारानं काय केलं, तर बिजागरीचे स्क्रू आतून लावायचे ते बाहेरून लावले आणि निघून गेला. ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

ही कंपनी लोकांची करमुक्त बचत खाती उघडायची. अशा खात्यातल्या व्याजावर सरकार कर घेत नाही. सोय चांगली आहे, तिला मी नावं ठेवत नाही. पण खाती चालवतात कंपन्या, आणि कोणती कंपनी धरायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. माणसं काय बघतात? व्याजाचा आकडा. आमच्या दारावर तो हातभर उंच रंगवला होता, इतरांपेक्षा अर्धा टक्का जास्त. त्या आकड्याच्या खाली मला टांगलं आणि पितळी कुलूप घातलं. किल्ली साहेबाच्या खणात गेली. साहेब बदलला, टेबल बदललं, खणासकट किल्लीही गेली. नव्या साहेबानं तिची चौकशीसुद्धा केली नाही.

कौतुक मात्र भरपूर झालं. वरिष्ठ तपासणीला यायचे असले की शिपाई मला तेलाचा बोळा फिरवायचा. कंपनीच्या माहितीपत्रकावर माझा फोटो छापला होता, खाली ओळ होती, 'आम्ही तुमचं ऐकतो'. तेव्हा मी फुशारले होते. आता तो फोटो आठवला की माझी मलाच शिसारी येते. माझ्यात पडलेला एकही कागद कोणी वाचला नव्हता.

मग ती शिंपीणबाई आली. शाळेचे गणवेश शिवून तिनं अकरा वर्षं आमच्याकडे पैसे साठवले होते. फोन केला की पाऊण तास बासरी ऐकायची आणि मग फोन तुटायचा. या जाचाला कंटाळून तिनं खातं दुसऱ्या कंपनीत हलवायचं ठरवलं.

इथला नियम नीट ऐका. असं खातं हलवायचं तर पैसे या कंपनीनं थेट त्या कंपनीला पाठवायचे असतात. मध्ये एक दिवस जरी ते तुमच्या हातात आले तरी करातली सूट गेली. खिडकीवरच्या कारकुनाला हे ठाऊक असायला हवं होतं, पण त्याच्यासमोर जेवणाचा डबा उघडा होता. तो म्हणाला, खातं बंद करा, पैसे घ्या, तिकडे नेऊन भरा, सूट तशीच राहते. बाई काही भोळी नव्हती. तिनं ते लिहून मागितलं. त्यानं चिठ्ठीवर लिहिलं, सही केली, शिक्का मारला आणि घास घेतला.

चार महिन्यांनी कर कचेरीचं पत्र आलं. सूट रद्द, अकरा वर्षांच्या व्याजावर कर भरा. दोन नवी शिलाई मशीनं आली असती एवढी ती रक्कम. कर कचेरीनं एवढं सांगितलं की चूक कंपनीची असेल तर तसा कागद दाखवा, पैसे परत देऊ. ती धावत आमच्याकडे आली. कारकून बदलला होता. नव्या कारकुनानं मान वर न करता माझ्याकडे बोट दाखवलं. तक्रार असेल तर तिथं टाका.

आणि शिंपिणीनं शिंपिणीसारखीच चूक केली. कापडाला मापाचा कागद टाचायची तिच्या हाताला सवय. तिनं तक्रार लिहिली, कारकुनाची ती अस्सल चिठ्ठी टाचणीनं वर टोचली आणि दोन्ही घडी करून माझ्या बोटभर तोंडात कोंबली. नक्कल काढली नाही. ऐकतो असं लिहिलेल्या पेटीवर तिनं विश्वास ठेवला.

सात वर्षं ते कागद माझ्या पोटात होते. दर दोन-तीन महिन्यांनी ती यायची. तिला सांगायचे, तुमच्या नावावर तक्रारच नाही, पेटी दर सोमवारी उघडतात. ती माझ्याकडे बघायची. लाकडाला तोंड असतं, जीभ नसते.

घरीही कोणाचा विश्वास बसला नाही, हे मला पुढे कळलं. सगळ्यांत जहरी होती तिची नणंद, शाळेची बस चालवणारी. चिठ्ठी होती तर गेली कुठं, तुझ्या मशीननं गिळली का, असं ती चारचौघांत विचारायची. वहिनीनं उतावीळपणा केला आणि आता दुसऱ्याच्या नावानं बोटं मोडते, हे तिनं ठरवूनच टाकलं होतं.

ती नणंद गेल्या वर्षी निवृत्त झाली. आयुष्याची पुंजी एकदम हातात आली, आणि ती तिला करमुक्त खात्यात ठेवायची होती. पण तिची निवडायची रीत वेगळी होती. चार कंपन्यांत जाऊन तिनं एकच प्रश्न लिहून तिथल्या तक्रारपेटीत टाकला, 'उद्या खातं दुसरीकडे हलवायचं झालं तर काय करावं लागेल?' खाली स्वतःचा नंबर. कोण किती दिवसांत, काय उत्तर देतं, ते बघायचं. एका छोट्या कंपनीतून तिसऱ्या दिवशी फोन आला. बोलणाऱ्यानं स्वतःचं नाव सांगितलं, पैसे हातात घेऊ नका म्हणून बजावलं आणि तेच लेखी पाठवलं. ते वाचून नणंदेला पहिल्यांदा खटकलं. वहिनी हेच तर सात वर्षं सांगत होती.

आमच्याकडून महिनाभर काही उत्तर गेलं नाही. म्हणून ती आली. बरोबर वहिनी होती, पण तिनं उंबरा ओलांडला नाही, पायरीवरच उभी राहिली.

साहेब गोड हसला. मावशी, आमचा व्याजदर बघा, म्हणाला.

"तो हॉर्न झाला," नणंद म्हणाली. "गाडी घेताना मी ब्रेक बघते. या पेटीची किल्ली कुठंय?"

साहेबानं तीन खण उपसले. शिपायानं तोंडावर हात धरला. नणंदेनं मला खालून वरून न्याहाळलं, बिजागरीवर बोट फिरवलं आणि पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. तीस वर्षं रस्त्यात बस बंद पडली तेव्हा ती कोणाच्या किल्लीची वाट बघत बसली नव्हती. चार स्क्रू, चार मिनिटं. साहेब हे चालणार नाही, हे चालणार नाही म्हणत राहिला आणि माझं दार तिच्या हातात आलं.

गोळ्यांचे कागद, फाटकी तिकिटं आणि माणसांची पत्रं फरशीवर पसरली. स्वतःचा कागद शोधताना तिच्या बोटात गंजकी टाचणी घुसली. तिनं ती चिठ्ठी वाचली. सही बघितली, शिक्का बघितला, तारीख बघितली. मग पायरीपर्यंत गेली.

"वहिनी," ती म्हणाली, "मशीननं नाही गिळली गं. सात वर्षं तुला बोलले ते सगळं माझ्या तोंडावर फेक."

शिंपीण काही फेकायच्या आधीच साहेब हात पुढे करून आला. तो कागद कंपनीचा आहे, इकडे द्या.

"सात वर्षं तुमच्याकडेच होता की," शिंपीण म्हणाली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा आत आली. नणंदेच्या हातातून तिनं चिठ्ठी घेतली, टाचणी काढून साहेबाच्या टेबलावर ठेवली. "ही तुमची. चला वन्सं, आधी चार नकला काढू."

आठ महिन्यांनी कर कचेरीनं तिचे पैसे परत केले. नणंदेनं आपली पुंजी त्या छोट्या कंपनीत ठेवली, अर्धा टक्का कमी व्याजावर. हे शिपायानं जिन्याखाली झाडता झाडता कोणाला तरी सांगितलं, म्हणून मला कळलं. मी आता जिन्याखाली असते, दाराशिवाय.

माझ्या जागी नवी पेटी लागली आहे. तिलाही कुलूप आहे, तिच्यावरही तीच ओळ आहे. फक्त तिचे स्क्रू आतून आहेत. एवढंच शिकले ते.

मित्रांनो, उद्या तुम्हीही कमवाल आणि कुठंतरी ठेवाल. अशा दारात गेलात की आकडा नंतर वाचा, आधी किल्ली मागा. आणि माझ्यासारखी कोणी दिसली तर तिच्यावरची धूळ पुसू नका. तिला उघडा.