मंगलचा आवाज

हेमंतातल्या सकाळी तव्यावर तंबाखू भाजू लागली, की तिचा उग्र वास आमच्या अनगोळच्या घरभर पसरायचा आणि त्या निळसर धुरामागून मंगलचा आवाज यायचा. माझी बायको निपाणीकडची. तिकडे पूर्वी पुष्कळ घरांत पोरी लहानपणीच मिश्रीला सरावत. कोवळ्या उन्हात उंबऱ्यावर बसून, तर्जनीने हिरड्या घासत शेजारणींशी गप्पा मारणारी मंगल ही माझ्या संसाराची प्रभातवेळ होती. त्या सुखाच्या पोटात काय वाढत होतं, हे दोघांनाही कळलं नाही.

तिचा आवाज मधुर मुळीच नव्हता. भरदार, किंचित खरखरीत, उसाच्या फडात या टोकाची हाक त्या टोकाला पोहोचावी असा. भाजीवालीशी कानडीत हुज्जत घालायची, तर दारातल्या मांजराशी मराठीत. मी शाळामास्तर, पण घरात माझ्या वाट्याला केवळ हुंकार यायचे, आणि ते मला फार सोयीचं होतं. पाहुण्यांचं आगतस्वागत, लेकीच्या लग्नाची बोलणी, एवढंच काय, माझी नाराजीसुद्धा तीच बोलून दाखवायची.

पहिल्यांदा गालातली गाठ काढली तेव्हा मिश्री सुटली. आवाज थोडा बोबडा होऊन परत आला. आम्ही सुटलो असं समजलो. पुढच्या हिवाळ्यात दुखणं घशात उतरलं. आता स्वरयंत्रच काढावं लागेल, श्वास गळ्याला पाडलेल्या छिद्रातून घ्यावा लागेल, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. मंगल काही केल्या तयार होईना. मुकं होऊन जगण्यापेक्षा बोलत बोलत गेलेलं बरं, असं तिचं म्हणणं. शेवटी मी तिचा हात धरला.

"मला तू पायजेस गं. आवाज जाऊ दे."

ती मग म्हणाली, "बगा हं. मग तुमालाच बोलाय लागंल."

उरलेला आवाज तिने सढळ हाताने उधळला. माहेरी फोन करून भावाला झापलं, लेकीला आमटीचा मसाला समजावून सांगितला, दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या कानडी म्हातारीला पोट धरून हसायला लावलं. माझ्यासाठी तिने काहीतरी राखून ठेवलं असेल, अशी मला वेडी आशा होती. ऑपरेशनला नेताना मी तिच्या स्ट्रेचरला धरून चाललो होतो. दारापाशी तिने मान वळवली.

"गॅस बंद केलायसा न्हवं?"

मी "व्हय" म्हणालो आणि दार लागलं.

आता ती बरी आहे. कलत्या उन्हात अंगणात बसून पावट्याच्या शेंगा सोलते. गळ्याशी पातळ सुती फडकं, त्यामागे श्वासाची बारीक शीळ. शेजारी बसून मी बोलतो, अखंड, तिच्या वाटचंही. बाजारात माझं मोडकं कानडी ऐकून ती खांदे हलवत हसते आणि फारच चुकलं तर कोपराने ढोसते. तेवढं मला पुरतं, असं मी लोकांना सांगतो. ते खरं नाही. तिचं बोलणं आठवू गेलो तर शब्द सगळे येतात, आवाज येत नाही. गेलेल्या माणसासाठी झुरायला जग मोकळीक देतं. पण हातभर अंतरावर शेंगा सोलत बसलेल्या माणसाची अशी आठवण येते, ती कुणाला सांगायची, आणि तिला तरी कशी?