बाईसाहेबांची चुकलेली टोच

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे. पण शिवणाची नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. मला काट्याच्या चमच्यासारखी शेजारी शेजारी दोन टोकं आहेत आणि दोन्ही टोकांजवळ एकेक खाच आहे. लशीत बुडवलं की त्या खाचेत थेंब धरून राहतो. कोंबडीचा पंख उलगडायचा, आतलं पातळ कातडं पिसांपासून मोकळं करायचं आणि मी आरपार जायचं. कोंबडी जरा ओरडून घेते आणि लगेच दाणे टिपायला लागते. मूर्ती लहान पण कीर्ती महान म्हणतात, ते माझ्यासारखीलाच.

माझं वैर कोंबड्यांच्या देवीशी. या रोगात तुऱ्यावर, चोचीपाशी, डोळ्यांभोवती फोड येतात आणि त्यांच्या खपल्या होतात. घशात उतरला तर कोंबडी गुदमरते. डास तो इकडून तिकडे नेतात. माणसाला तो होत नाही, म्हणून माणसं खुशाल 'बघू नंतर' म्हणतात.

मी गुराढोरांच्या, कोंबड्यांच्या डॉक्टरीणबाईंच्या पेटीत होते. त्यांनी मला उकळून, पुसून, जिवापाड जपलं. किती परसांतल्या कोंबड्या मी वाचवल्या याचा मला अभिमान आहे आणि तो मी मुळीच लपवत नाही.

एकदा एका गल्लीत देवीचा रोग शिरला, तेव्हा आम्ही तिथल्या शिंपीकाकांच्या परसात गेलो. काकू एकेक कोंबडी धरून देत होत्या. काका मात्र आत बसून शिलाई मशीन दामटत होते.

"काका, सगळ्या झाल्या ना?" डॉक्टरीणबाईंनी खिडकीतून विचारलं.

"झाल्या, झाल्या," काका मान वर न करता म्हणाले.

मी खिडकीतल्या ताटलीत होते. मला दिसलं, मशीनमध्ये दोराच नव्हता. मशीन रिकामंच धावत होतं. त्याच्याखाली चिंध्यांच्या टोपलीत काकांची लाडकी तांबडी कोंबडी बसली होती, तिला ते बाईसाहेब म्हणत. तिचं ओरडणं ऐकू जाऊ नये म्हणून हा सगळा खडखडाट चालला होता. आता बोला. दिवसभर सुयांशी खेळणारा माणूस आणि मला घाबरला! रागच आला मला. पण सुईचं कोण ऐकतं?

आठवड्याने बाई पंख तपासायला आल्या, तर काकू कमरेवर हात ठेवून दारातच उभ्या.

"चांगल्या धडधाकट होत्या हो माझ्या कोंबड्या. तुमच्या सुईनं एकजात सगळ्यांच्या पंखाला फोड आणला."

बाई हसल्या. "काकू, तोच तर हवा होता. फोड आला म्हणजे लस लागली. ती आमच्या सुईची सही समजा. जिच्या पंखाला फोड नसेल ती दाखवा, मला काळजी तिची."

काकांचा चेहरा खाडकन उतरला. ते आत गेले आणि टोपली घेऊन आले. बाईसाहेबांचे दोन्ही डोळे सुजून मिटले होते, तुरा खपल्यांनी भरला होता. आदल्या दिवसापासून तिने दाणा टिपला नव्हता.

"हिला दुखेल म्हणून लपवली," काका म्हणाले. "वाचेल ना हो?"

"यावर औषध नाही, काका. कोमट मिठाच्या पाण्याने डोळे पुसा. खपल्या ओढू नका. हाताने भरवा, वेगळी ठेवा, डासांपासून जपा. मग बघू."

काकांनी जुन्या पडद्याची मच्छरदाणी शिवली. काकूंनी परसातल्या पाणी साचलेल्या बादल्या उपड्या केल्या. कुंपणावरच्या पाण्याच्या थाळीवर एक चिमणी यायची, तिच्याही पायांवर देवीच्या गाठी होत्या. "हिचा पंख कोण उलगडणार?" बाई म्हणाल्या. एका पाखराचा रोग दुसऱ्याला लागू नये म्हणून त्यांनी ती थाळी घासून काही दिवस उचलून ठेवायला सांगितली. तिथे मात्र माझं काही चालत नाही, हे मलाही कबूल आहे.

गिऱ्हाइकं ओरडत होती, पण काका मशीनला शिवले नाहीत. बाईसाहेबांना मांडीवर घेऊन ते एकेक घास भरवत राहिले. शेवटी एका सकाळी, मी आणि बाई तिला बघायला गेलो असताना, एका डोळ्यावरची खपली गळली. तिने काकांकडे पाहिलं आणि त्यांच्या सदऱ्याच्या बटणावर चोच मारली. काका रडले, अगदी आमच्यासमोर रडले. दुसरा डोळा मात्र कायमचा गेला.

पुढे माझी टोकं बोथट झाली. पेटीत नवी सुई आली आणि काकांनी मला मागून घेतलं. आता मी त्यांच्या सुया खोचायच्या उशीत असते, मधोमध. बाकीच्या सुया मला मान देतात, आणि का देऊ नये?

परवा शेजारची सून ब्लाउज शिवायला टाकायला आली होती. म्हणाली, "उद्या डॉक्टरीणबाई यायच्यात. माझा छोटा कोंबडा नाजूक आहे, त्याला माळ्यावर ठेवते झालं."

काकांनी मशीन थांबवलं. टोपलीतून बाईसाहेबांना उचललं आणि मिटलेला डोळा वर येईल अशी सुनेच्या मांडीवर ठेवली.

"एवढीशी टोच चुकवली होती मी हिची," ते म्हणाले.

सुनेने त्या डोळ्यावरून हलकेच बोट फिरवलं. दुसऱ्या दिवशी टोच घेताना तो छोटा कोंबडा सगळ्यांत आधी ओरडला.

मित्रांनो, पाखरांची पाण्याची थाळी रोज घासत जा, परसात पाणी साचू देऊ नका. आणि ज्याच्यावर तुमचा फार जीव आहे, त्याला माझ्यापासून लपवू नका. त्यालाच सगळ्यांत आधी माझ्यापुढे आणा.