साहित्य : आजोबा

वाल्मीकरावांच्या घरी शाळा भरायची ती डायनिंग टेबलावर आणि सुटायची ती कुकरची तिसरी शिट्टी झाल्यावर. विद्यार्थी दोनच, अकरा वर्षांचा रुद्र आणि आठ वर्षांची वेदिका. सुनेने, म्हणजे पल्लवीने, दोन वर्षांपूर्वी दोघांना शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. मुलगा हर्षल नाशिकमध्येच, अंबडच्या एका कंपनीत होता. तो सकाळी सातला जायचा आणि परत येईपर्यंत शाळा सुटलेली असायची, त्यामुळे त्याचा या सगळ्याला मनापासून पाठिंबा होता.

पल्लवीची पद्धत अशी, की विषय वेगवेगळे शिकवायचेच नाहीत. आठवडाभर एकच गोष्ट धरायची आणि गणित, भाषा, विज्ञान, भूगोल सगळं तिच्यातूनच उपसून काढायचं. याला ती युनिट म्हणायची. रविवारी दुपारी घर झोपलं की ती स्केचपेनं घेऊन बसायची, पुढच्या युनिटचा तक्ता आखायची आणि फ्रिजवर चिकटवायची. कांद्याच्या युनिटला घरातल्या प्रत्येकाने यथेच्छ रडून घेतलं. साबणाच्या युनिटमध्ये तयार झालेला साबण इतका गुणी निघाला, की त्याने हात धुतले की ते दुसऱ्या साबणाने धुवावे लागत. मुंग्यांचं युनिट शनिवारी संपलं, पण हे मुंग्यांना कोणी कळवलंच नाही. त्या अजून साखरेच्या डब्यात अभ्यास करत होत्या.

प्रत्येक तक्त्यावर सगळ्यात वर युनिटचं नाव असे, त्याखाली लाल अक्षरांत 'शिक्षक : आई', आणि अगदी तळाला, जिथे दार उघडताना हात लागून कागद मळतो तिथे, 'साहित्य : आजोबा'.

म्हणजे जे जे लागेल ते वाल्मीकरावांनी पैदा करायचं. अकरा रिकाम्या बाटल्या, तुतीची ताजी पानं, जुना तराजू. मागच्या पावसाळ्यात तर जिवंत गोगलगायी हव्या होत्या, त्याही दोन. एका नर्सरीत वाल्मीकराव तासभर ओणवे होऊन कुंड्यांखाली बघत फिरले. तिथल्या माळ्याने, काय हरवलं, म्हणून विचारलं. ते म्हणाले, गोगलगाय. माळ्याने खुर्ची आणून दिली आणि प्यायला पाणी दिलं.

आता वाल्मीकराव कोण होते ते सांगायला हवं. एसटीत एकतीस वर्षं नोकरी, त्यातली चोवीस वाहतूक नियंत्रक म्हणून. स्टँडवरच्या खिडकीत बसून, कोणती गाडी कोणत्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगणारा माणूस. ते 'दिंडोरी' म्हणाले की दिंडोरीचे उठायचे, 'पेठ' म्हणाले की पेठचे पळायचे. अशा माणसाने रिटायर झाल्यावर गोगलगायी शोधाव्यात, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. एकदा तरी त्या फ्रिजवर 'शिक्षक : आजोबा' असं लिहिलेलं बघायचं, एवढी एकच इच्छा त्यांच्या मनात होती. ती त्यांनी कोणाला सांगितली नव्हती. नुसते दिवसातून दहा वेळा फ्रिज उघडायचे आणि तळाची ओळ वाचून बंद करायचे.

जानेवारीत पल्लवीचा घसा बसला. नुसता बसला नाही, डॉक्टरांनी शनिवार संध्याकाळपर्यंत अक्षरही बोलायचं नाही असं बजावलं. रविवारी रात्री जेवणानंतर तिने सासऱ्यांसमोर एक चिठ्ठी सरकवली. 'नाना, या आठवड्याचं युनिट तुम्ही घ्या. शनिवारी मुलं मला नवीन शिकलेल्या पाच गोष्टी सांगतील. सांगता आल्या तर यापुढे महिन्यातलं एक युनिट तुमचं.'

वाल्मीकरावांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी घालून खिशात ठेवली. युनिटचं नाव ठरवायला त्यांना क्षणसुद्धा लागला नाही. एसटी.

सोमवारी त्यांनी मुलांकडून बासष्ट गाड्यांच्या वेळा पाठ करून घ्यायला सुरुवात केली. अकराव्या गाडीला वेदिकाने जांभई दिली. सोळाव्या गाडीला रुद्रला एकाएकी कुकरची शिट्टी ऐकू आली, कुकर लावलेलाच नसताना. मंगळवारीही तेच. वाल्मीकराव माइकच्या आवाजात म्हणत होते, "नाशिकहून दिंडोरी, वणीमार्गे सुरगाण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे," तेवढ्यात वेदिकाने हात वर केला.

"आजोबा, सुरगाण्याला उतरलं की समोर काय दिसतं?"

चोवीस वर्षं त्यांनी दिवसातून सहा गाड्या सुरगाण्याला धाडल्या होत्या. एकीतही ते स्वतः बसले नव्हते. नोकरीत सवड नव्हती आणि रिटायर झाल्यावर सुरगाण्यात काम नव्हतं. ते म्हणाले, डोंगर. रुद्रने विचारलं, कसला डोंगर. ते म्हणाले, उंच. मग पेठला काय, असं विचारल्यावर पुन्हा डोंगरच निघाला. रुद्रने शांतपणे वहीचं नवीन पान उघडलं, वर लिहिलं 'आजोबांना माहीत नाही' आणि खाली एक, दोन असे आकडे घातले. शनिवारी हेच पान सुनेसमोर उघडणार होतं.

म्हणून बुधवारी त्यांनी सुरगाण्याची सहल जाहीर केली. पल्लवीने आणखी एक चिठ्ठी लिहिली, 'आठच्या आत घरी. परतीची गाडी कितीची?' वाल्मीकराव ऐटीत म्हणाले, तीन चाळीस. तिने 'नेटवर बघू का?' असं लिहिल्यावर त्यांना रागच आला. ती गाडी चोवीस वर्षं साडेसहाला आपल्या खिडकीसमोर येऊन उभी राहायची, ती आता काय नेटला विचारायची? त्यांनी चिठ्ठी उलटी करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीत तिघांची मिळून तीन अर्धी तिकिटं निघाली. रुद्रने हिशेब केला, की आपण दीड माणूस आहोत, आणि अर्धा कोण यावरून दिंडोरीपर्यंत भांडण चाललं. वणी मागे पडली, मग घाट लागला, आणि बोरगावच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला बायका लाल फळांच्या टोपल्या घेऊन बसलेल्या दिसल्या. वाल्मीकराव म्हणाले, टोमॅटो. त्या स्ट्रॉबेऱ्या होत्या. रुद्रने पेन्सिल काढली.

सुरगाण्याला उतरल्यावर समोर एक वडापावची गाडी, एक शिलाई मशीन दुरुस्त करणारा आणि एक बसलेली म्हैस दिसली. डोंगर कुठंय, असं वेदिकाने विचारलं, तर तो पाठीमागे होता. खानावळीत नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आली. तिचा रंग बघून वेदिकाने ती चॉकलेटची समजून मोठा घास घेतला आणि लगेच पाण्याचा ग्लास ओढला. वाल्मीकरावांनीही आयुष्यात पहिल्यांदाच ती भाकरी खाल्ली होती. हळूहळू त्यांनी माहिती असल्याचा आव सोडला आणि भेटेल त्याला, हे काय, ते कशाला, असं विचारत सुटले. मुलांपेक्षा जास्त प्रश्न त्यांचेच झाले. खरं म्हणजे त्यांना मजा यायला लागली होती.

तीन पंचवीसला ते स्टँडवर हजर झाले, पंधरा मिनिटं आधी. तीन चाळीस झाले, तीन पन्नास झाले. गाडीचा पत्ता नव्हता.

"आजोबा, त्या बोर्डावर तीन दहा लिहिलंय," वेदिका म्हणाली.

"बोर्ड प्रवाशांसाठी असतो," वाल्मीकराव म्हणाले, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की या वेळी प्रवासी आपणच आहोत. गाडी वेळेवर आली होती आणि वेळेवर गेली होती. पुढची पहाटेची होती.

रस्त्यापलीकडे चिंचेखाली जीप उभी होती. आता जीप म्हणजे वाल्मीकरावांचा हाडवैरी. स्टँडबाहेरून एसटीचे प्रवासी पळवणाऱ्या जीपवाल्यांना त्यांनी नोकरीभर काठी घेऊन हुसकलं होतं. एकदा तर एका जीपच्या चारही चाकांची हवा सोडली होती, आणि तो पराक्रम ते दर दिवाळीत घरच्यांना ऐकवायचे. पण पल्लवीचं 'आठच्या आत' डोळ्यांसमोर आलं. त्यांनी मफलर नाकापर्यंत ओढला आणि मुलांना घेऊन जीपमध्ये मागच्या कोपऱ्यात जाऊन बसले.

ड्रायव्हरचं नाव हिरामण. वणीपर्यंत जातो, पण बारा माणसं झाल्याशिवाय निघत नाय, असं त्याने सांगितलं. आत चौघंच होते. चौथी एक म्हातारी, भागीबाई, मांडीवर गाठोडं आणि गाठोड्यावर कोंबडी घेऊन बसलेली. साडेचार वाजले तरी पाचवं माणूस येईना. वाल्मीकराव घड्याळ बघत होते आणि मफलरमधून सुस्कारे सोडत होते.

शेवटी वेदिका म्हणाली, "आजोबा, तुम्ही बोलवा ना लोकांना. तुम्हाला येतं ते."

जीपसाठी प्रवासी गोळा करायचे, आणि ते त्यांनी? त्यांनी एकदा घड्याळाकडे बघितलं, एकदा मुलांकडे. मग मफलर काढला, जीपच्या पायरीवर उभे राहिले आणि तोंडाभोवती हात धरले.

"प्रवाशांनी इकडे लक्ष द्यावे. सुरगाण्याहून बोरगावमार्गे वणीला जाणारी जीप फलाट क्रमांक..." त्यांनी आजूबाजूला बघितलं. "चिंचेखाली उभी आहे. प्रवाशांनी त्वरित आपापल्या जागा घ्याव्यात."

जीप सहा मिनिटांत भरली. आवाजात हुकूमच असा होता, की चहा पिणारे ग्लास ठेवून आले. एकाला गुजरातच्या बाजूला जायचं होतं, तोही येऊन बसला. त्याला समजूत घालून उतरवावं लागलं.

सगळे दाटीवाटीने बसल्यावर भागीबाईने कोंबडी बाजूला धरली आणि वाल्मीकरावांकडे टक लावून बघितलं. "त्यो आवाज तुमचाच का? नासिकच्या स्टँडवरचा?"

वाल्मीकरावांनी मान डोलावली.

"आमाला वाचाया येत नाय," ती म्हणाली. "द्राक्षांच्या कामाला दर सालाला जातो आमी. तुमी सुरगाना म्हनला का उठायचं, एवढंच ठावं. मंग मधी त्यो आवाज बंद झाला. दोन बारी मी पेठला जाऊन आली."

चोवीस वर्षं ते एका माइककडे बघून बोलत होते, आणि माइकच्या पलीकडे ही बाई गाठोडं घेऊन कान देऊन बसलेली होती. ते खिडकीबाहेर बघत राहिले, बाहेर बघण्यासारखं काही नसतानाही.

तेवढ्यात पुढून हिरामणचा आवाज आला, "म्हंजे आमच्या बापाच्या गाडीची हवा सोडनारं ते तुमीच की." वाल्मीकराव गाठोड्याआड दिसेनासे होण्याचा प्रयत्न करू लागले. पण हिरामण पोट धरून हसला आणि त्याने शिक्षा फर्मावली, की आता वणीपर्यंत प्रत्येक फाट्यावर त्यांनीच पुकारायचं. त्यांनी पुकारलं. शेवटच्या दोन फाट्यांवर तर कोणी नसतानाही पुकारलं.

वणीहून एसटी मिळाली आणि आठला दहा कमी असताना तिघं घरी पोचले. दारात वाल्मीकरावांनी मुलांना हळूच सांगितलं, की आईसमोर तेवढा जीप हा शब्द गाळायचा. एका पेटी स्ट्रॉबेरीवर सौदा पटला.

शनिवारी संध्याकाळी पल्लवी आणि हर्षल खुर्च्या मांडून बसले. रुद्रने वही उघडली. पानाच्या वर तेच नाव होतं, 'आजोबांना माहीत नाही', फक्त शेवटच्या शब्दाचं त्याने 'नव्हतं' केलं होतं. खाली सतरा गोष्टी होत्या. म्हैस होती, स्ट्रॉबेरी होती, नागलीची भाकरी होती, तीन दहाची गाडी होती. बारावी गोष्ट अशी, की एका वाहनात चौदा माणसं आणि एक कोंबडी बसते, वाहनाचं नाव आम्हाला सांगायचं नाही. तेराव्या गोष्टीत त्याच वाहनाच्या चाकांतली हवा होती. हर्षल हसता हसता खुर्चीवरून खाली यायचा बाकी राहिला. वाल्मीकराव मात्र फ्रिजकडे बघत होते. गेलं युनिट हातचं, असं त्यांना अगदी स्वच्छ दिसत होतं.

मग वेदिका स्टुलावर चढली आणि तक्त्याची गुंडाळी तोंडाला लावली. "नाशिकहून दिंडोरी, वणीमार्गे सुरगाण्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक सातवर उभी आहे. या गाडीत भागीबाई बसतात. त्यांना पाटी वाचता येत नाही, म्हणून आजोबा मोठ्याने बोलायचे. आता आजोबा नसतात, म्हणून सगळ्यांनी त्यांना सुरगाण्याच्या गाडीत बसवून द्यावं."

पल्लवीने चिठ्ठ्यांची वही ओढली, पेन उघडलं आणि परत बंद केलं. डॉक्टरांची मुदत संपली होती. आठवड्याभराने तिचा घोगरा आवाज फुटला.

"नाना, तुम्ही घोटीला गेलाय कधी?"

उत्तर तयार होतं. घोटीच्या दिवसाला किती तरी गाड्या, तिथला तांदूळ, तिथला बाजार. पण रुद्रने पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली होती.

"नाही," वाल्मीकराव म्हणाले.

"मग चालेल," पल्लवी म्हणाली.

तिने कोरा तक्ता घेतला. वर लिहिलं 'घोटी'. त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं 'शिक्षक : आजोबा'. मग अगदी तळाशी येऊन क्षणभर थांबली आणि बारीक अक्षरांत लिहिलं, 'साहित्य : आई'.

वाल्मीकरावांनी उठून, हात पाठीमागे बांधून, तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. मग घसा साफ केला.

"गोगलगायी लागतील," ते म्हणाले. "दोन."