शेवटची दहा मिनिटं

सरकारी वकीलबाईंना वाल्देलीसकडून एकच उत्तर हवं होतं. तिने कोर्टात 'हो' म्हटलं तर तिचा मुलगा तुरुंगात जाणार, 'नाही' म्हटलं तर सुटणार. फोटो होते, डॉक्टरांचे कागद होते, प्रवचनाचं चाळीस मिनिटांचं चित्रीकरणही होतं. घोडं अडलं होतं ते पुढच्या दहा मिनिटांपाशी.

जुरांदीर तिचा एकुलता एक. पुलापलीकडच्या वस्तीत पास्टर होता. आणि ती चढावरच्या ओरिशांच्या ठाण्याची माय, म्हणजे तिथल्या देवांचं सगळं तिच्या हातून व्हायचं आणि ठाण्याच्या लेकीबाळी तिला मायच म्हणायच्या. आठ वर्षांपूर्वी पोरगा चर्चमध्ये गेला तो परत आला नाही. त्याची दारू तिच्या कुठल्याच देवाने सोडवली नव्हती, ती त्या चर्चने सोडवली, हे ती स्वतः सगळ्यांना सांगायची. 

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी जुरांदीरने प्रवचन केलं. रविवारी चर्चमधली सात पोरं चढ चढून आली. त्यांनी देवांच्या घागरी फोडल्या, ढोल फाडले, आणि एक दगड राइल्दाच्या डाव्या डोळ्यावर बसला. राइल्दा तीस वर्षं ठाण्यातली, मायच्या हाताखाली वाढलेली. पुलाजवळ आकाराजे, म्हणजे चवळीचे वडे, तळून विकायची. आता एका डोळ्याने कढईचा अंदाज घेते आणि बोटं पोळून घेते.

पकडलेल्यांपैकी एक म्हणाला, "पास्टरांनीच ठाणं पाडायला सांगितलं." बाकीचे म्हणाले, "छे, पास्टर तसं बोललेच नाहीत." प्रवचनाची शेवटची दहा मिनिटं उरली असतानाच चित्रीकरण करणाऱ्या फोनची बॅटरी संपली होती. आता कुणाचा शब्द धरायचा? मग राइल्दाने पोलिसांना सांगितलं की त्या शुक्रवारी माय प्रवचनाला गेली होती.

गेली होती. पोरगा बोलतो तेव्हा बायका रडतात असं तिने बाजारात ऐकलं होतं, आणि आठ वर्षांत तिने त्याला बोलताना एकदाही ऐकलं नव्हतं. आईला एवढा मोह होऊ नये का? शुक्रवार ओशाला देवाचा, त्या दिवशी पांढऱ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावायचा नाही, म्हणून ती डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्यात शेवटच्या बाकावर जाऊन बसली. तिला वाटलं, कोण बघतंय. बघत सगळेच होते.

साक्षीच्या आदल्या संध्याकाळी दोघी ठाण्याच्या अंगणात भिजवलेल्या चवळीची सालं काढत बसल्या होत्या.

"उद्या काय सांगणार, माय?" राइल्दाने विचारलं.

"ऐकलं ते."

"काय ऐकलंत, ते मला अजून सांगितलं नाहीत. डोळा माझा गेलाय."

वाल्देलीसने पाणी ओतून टाकलं, नवं घेतलं. "त्याने लोकांना सांगितलं नाही, राइल्दा. देवाकडे मागितलं."

"म्हणजे तेच झालं की! पास्टरने मागायचं आणि पोरांनी आणून द्यायचं." राइल्दाने हातातली चवळी आपटली. "एक शब्द, माय. तिथे 'हो' म्हणा. तुमच्या जिवाला काय तोशीस? पोरगं तसंही त्याच लायकीचं आहे."

"माझं पोरगं आहे ते."

"आणि मी कोण?"

वाल्देलीसने पाण्यावर आलेली सालं बाजूला काढली. मग ती म्हणाली, "इथे तोंडातून निघालेल्या शब्दाला वजन असतं. खोटं बोलणाऱ्या मायच्या हातचा नैवेद्य देव घेत नाहीत. मीच शिकवलंय तुला."

"शिकवलंत," राइल्दा म्हणाली. "माझंच नशीब."

कोर्टात जुरांदीर कडक इस्त्रीच्या शर्टात उभा होता. कॉलर एका बाजूने आत दुमडली होती. वाल्देलीसचा हात दोनदा उठला आणि दोनदा खाली आला.

न्यायाधीशांनी तिला समजावून सांगितलं की आपला देव खरा आणि दुसऱ्याचा खोटा, असं माणूस कितीही कडू शब्दांत म्हणू शकतो. त्या दुसऱ्यावर चालून जा, असं म्हणू शकत नाही. "तेव्हा दोना वाल्देलीस, नीट आठवून सांगा."

"त्याने लोकांना तुमचं घर पाडायला सांगितलं का?" वकीलबाईंनी विचारलं. आवाज अगदी मायेचा होता.

"नाही."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, माझा जन्म सैतानाच्या घरात झाला. म्हणाला, तिथली बाई भुतांना रांधून घालते, आणि मला आई नाही. मग लोकांकडे पाठ करून गुडघ्यांवर बसला, डोळे मिटले, आणि प्रभूला म्हणाला, ते घर जमिनीला मिळव."

लिहिणाऱ्या कारकुनाने मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

जुरांदीरचा वकील उठला. "दोना वाल्देलीस, तुमच्या आधीच्या मायला ढोल वाजवायला पोलिसांचा परवाना लागायचा, खरं ना?"

"खरं."

"आज माझ्या अशिलाच्या प्रार्थनेला परवाना लावला, तर उद्या तुमच्या ढोलाला लागणार नाही?"

माणूस हुशार होता, आणि वाईट म्हणजे बरोबर होता. "लागेल," ती म्हणाली.

"म्हणजे तुम्ही ऐकलीत ती प्रार्थनाच?"

सगळी खोली वाट पाहत होती. राइल्दा पहिल्या रांगेत बसली होती, तिच्याकडे वाल्देलीसने पाहिलं नाही. "प्रार्थनाच होती," ती म्हणाली. "तसंच लिहा."

दगड मारणाऱ्यांना शिक्षा झाली. जुरांदीर सुटला.

बाहेर व्हरांड्यात तो बायबल छातीशी धरून तिच्यासमोर आला. आठ वर्षांत एवढा जवळ आला नव्हता. "दोना वाल्देलीस," तो म्हणाला. स्वतःच्या आईला परक्या बाईसारखं दोना! "प्रभूने तुमच्या तोंडून खरं वदवलं."

"कुणी वदवलं नाही. मी बोलले."

"पुढच्या शुक्रवारी या. पुढच्या बाकावर बसा."

"पुन्हा तेच बोलशील?"

त्याचे डोळे भरून आले, तो काही दगड नव्हता. "मला दिसतं तेच मी बोलतो. आता कोर्टानेही मुभा दिली."

"मग मी नाही येणार, बाळा. अंगाने उतरलायस. जेवत जा." आणि मग तिने ती कॉलर सरळ केली. तेवढ्यात त्याची माणसं हाका मारत आली आणि त्याला घेऊन गेली.

कोर्टाच्या पायऱ्या उंच. वाल्देलीसचे गुडघे गेलेले आणि राइल्दाला पायरी कुठे संपते ते कळत नाही, म्हणून दोघी एकमेकींचा हात धरून उतरू लागल्या. राइल्दा रागावली नव्हती, हे तिच्या हातावरून कळत होतं, आणि त्यामुळे वाल्देलीसला अधिकच वाईट वाटलं.

"खरं बोललात," राइल्दा म्हणाली. "जीव जळतो, पण खरं ते खरं. तो मागत होता तेव्हा ती माणसं काय करत होती?"

"आमेन म्हणत होती."

"सगळी?"

"सगळी."

राइल्दा दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. "आणि तुम्ही?"

कोर्टात हे कुणी विचारलं नव्हतं. गप्प राहिली असती तर राइल्दाने पुन्हा विचारलंही नसतं.

"शेजारच्या बाईने माझा हात धरून वर केला," वाल्देलीस म्हणाली. "तो गुडघ्यांवर रडत होता, राइल्दा. लहानपणी रडायचा तसाच. खांदे हलत होते. सगळे त्याच्या बाजूने होते आणि मी एकटीच गप्प. मला वाटलं, त्याने वळून पाहिलं तर त्याला काय वाटेल." तिने श्वास घेतला. "मीही म्हटलं."

राइल्दाने आपला हात सोडवून घेतला. झटकला नाही, हळूच सोडवला. मग भिंतीला हात लावून, पायाने एकेक पायरी चाचपत ती एकटीच खाली उतरत गेली.