क्युबाचे पायजमे

केप ब्रेटनमधल्या एका गावात मर्डिना कपड्यांच्या दुकानाची मॅनेजर होती. दुकान कॅनडात, कंपनी मात्र अमेरिकेची. ओहायोतला तिचा साहेब वेंडेल दर सोमवारी फोन करायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. पण तिची कंबर कधी धरते आणि त्याची सून कशावरून रुसते, हे दोघांना ठाऊक असायचं.

एका सोमवारी त्याचा आवाज पडलेला होता.

"मर्डिना, ते निळ्या पट्ट्यांचे पायजमे आजच काढून ठेव. क्युबात शिवलेत. आमच्या कायद्यानं क्युबाचा माल विकता येत नाही."

"अरे, पण दुकान तर इथं आहे!"

"कंपनी आमची ना. तिच्या मागोमाग कायदाही आला बघ तुझ्याकडे."

मर्डिनाने खोकी मागच्या खोलीत नेली. गावात बोभाटा झाला, पेपरात बातमी आली. लगेच राजधानी ओटावाहून सरकारी वकिलाचा फोन: "बाई, परक्या देशाच्या त्या हुकमावरून माल काढणं हा इथं गुन्हा आहे."

तिने वेंडेलला गाठलं. "विकले तर तू अडकतोस, नाही विकले तर मी. करू काय?"

"तुला अडकवून मला झोप लागायची नाही, मर्डिना. पण 'विक' असं माझ्या तोंडून निघालं, तर मेलोच."

"मग नको म्हणूस. तिकडे बर्फ पडतोय का, ते सांग."

तो हसला आणि बर्फाबद्दलच बोलत राहिला. फोन ठेवून मर्डिनाने खोकी बाहेर मांडली. गाव इरेला पेटलं. ज्यांना पायजमा नको होता त्यांनीही नेला. तिचा नवरा लॉकी यानेही एक घेतला.

कंपनीत वेंडेलची खूप कानउघाडणी झाली. "ती तिच्या देशाचा कायदा पाळतेय," एवढंच तो म्हणाला. शेवटी दोन्ही सरकारांशी भांडण नको म्हणून कंपनीने विषय सोडून दिला.

निवृत्त झाल्यावर वेंडेल मर्डिनाकडे चार दिवस राहायला आला. त्याची बॅग विमानतळावरच राहिली. लॉकीने आपला पायजमा पुढे केला.

"नको रे बाबा! मी जाईन तिथं आमचा कायदा सोबत असतो."

"असू दे की," लॉकी म्हणाला, "त्यालाही शोधू एखादा."

सकाळी वेंडेल पायजम्याचे पाय दुमडत, संकोचत स्वयंपाकघरात आला. मर्डिना माशाचे वडे तळत होती. तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"फोनवर तू चांगला उंच वाटायचास," ती म्हणाली आणि तिने त्याच्या ताटात आणखी एक वडा वाढला.