येतोय आवाज?

मशीनरूममध्ये लिफ्ट मेकॅनिकने बटणावरचं बोट उचललं आणि इंटरकॉमकडे नुसता बघत बसला.

“दादा, दोन फूट खाली घ्या,” कामावरची जोडीदारीण पुन्हा म्हणाली. ती आठ मजले खाली, लिफ्टच्या टपावर उभी होती. तिचं वाक्य त्याने मोठ्याने परत म्हणायचं आणि मगच लिफ्ट हलवायची, असा कामाचा नियम.

बायको सोडून गेल्यापासून दोन वर्षं तो मोबाइलवर एका गुरूची भाषणं ऐकत होता. ‘भावांनो, बाईच्या पहिल्या हाकेला ओ दिलीत की संपलात!’ गुरूला असे लाखो भाऊ होते. ह्याला मात्र दिवसभरात आपलेपणाने हाक मारणारं एकच माणूस होतं आणि प्रयोग नेमका तिच्यावरच चालला होता. धन्य ते शहाणपण!

त्याने हाताची घडी घातली. तिसरी हाक आली. चौथी आली. मग सगळं शांत झालं. आता कळलं असेल तिला, असं त्याला वाटलं.

पाच मिनिटांनी दार धाडकन उघडलं. जिने चढून ती धापा टाकत आली होती. हातात प्रथमोपचाराची पेटी, गुडघा खरचटलेला. तिने आधी मेन स्विच बंद केला, मग त्याचे दोन्ही तळहात उलटसुलट करून पाहिले.

“शॉक बसला ना? चक्कर येतेय का? बोला ना, दादा!”

त्याच्यासाठी असं धावत कोणी शेवटचं कधी आलं होतं, ते त्याला आठवेना. त्याला रडूच कोसळायचं बाकी होतं.

“आवाजच आला नाही,” तो म्हणाला.

“हात्तिच्या! जीव टांगणीला लावलात की.” ती मटकन खाली बसली आणि हसली. “वायर गेली असेल. बघते मी.”

मग एकेका मजल्यावर थांबत ती वायर तपासत गेली.

“येतोय आवाज?”

“येतोय.”

खरं सांगून टाकावं, असं त्याला प्रत्येक मजल्याला वाटलं. पण सांगितलं तर हीपण जाईल, ह्या भीतीने तो नुसतं ‘येतोय’ म्हणत राहिला.

परत वर येताना ती सावकाश आली.

“वायर ठणठणीत आहे.”

तो खाली बघत राहिला. तिने बराच वेळ वाट पाहिली.

तिने मेन स्विचला कुलूप घातलं. त्याची किल्ली नेहमी मशीनरूममधल्या माणसाकडे राहायची. ती तिने स्वतःच्या खिशात टाकली आणि खिशाची चेन ओढली.

“लिफ्ट न हलवता होईल तेवढं करते मी,” ती म्हणाली. “तुम्ही बसा, साहेब.”