खालच्या कामाचा माणूस

भूकंपानंतर गावातले उरलेले लोक पत्र्याच्या शेडमध्ये राहू लागले, आणि काही महिन्यांनी तिथं सळईचं काम शिकवायला लातूरहून लालमहंमद मिस्त्री आला. नवी घरं सिमेंटची होणार होती. बाहेरून कारागीर आणण्यापेक्षा गावातल्याच लोकांना हुन्नर शिकवावा, असं एका संस्थेनं ठरवलं होतं. संस्थेच्या पंचशीलाताई शेडशेडमधून फिरून माणसं गोळा करायच्या. भुजंगला त्यांनी हाताला धरूनच उठवलं. तो नको म्हणाला नाही. हो पण म्हणाला नाही.

भुजंगची बायको कोंडाबाई आणि दोन लेकरं दगडमातीच्या भिंतीखाली गेली होती. तो शेतात खळ्यावर राखणीला होता म्हणून वाचला. तेव्हापासून तो पुढ्यात आलेलं जेवायचा, सांगितलं की झोपायचा, कुणी हाक मारली तर ओ द्यायचा. रडला मात्र नव्हता. सुरुवातीला लोक त्याच्याबद्दल कुजबुजायचे. पुढं ज्याचं त्याला पुरे झालं.

लालमहंमद पन्नाशीचा, अंगानं वाळका. हे काम तो वडिलांकडून शिकला होता. बोलायचा कमी, करून दाखवायचा जास्त. "तार दुहेरी घ्यायची. गजाला मिठी मारायची. आकडा अडकवायचा अन् पिळायचं. लई पिळली तर तुटती, कमी पिळली तर सुटती." कॉलमच्या उभ्या गजांना ज्या चौकोनी रिंगा बांधतात, त्यांची टोकं तो पार आत वळवायला लावायचा. "टोक सरळ सोडलं तर हादऱ्यात रिंग उघडती. मग समदं खाली," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला. कुणीतरी तोंड फिरवलं. भुजंग रिंग वळवत राहिला.

त्याचा हात लवकर बसला. शिकणाऱ्यांत ज्ञानोबा त्याच्याच गल्लीतला, त्याला दिवसभरात जेवढ्या गाठी जमायच्या तेवढ्या भुजंगच्या दुपारच्या भाकरीपर्यंत व्हायच्या. लालमहंमद खूश होता. एके दिवशी त्यानं भुजंगनं बांधलेला सांगाडा तपासायला हात लावला, तर बोटं लाल झाली. त्यानं भुजंगचा तळवा उलटा करून पाहिला. तारेचं टोक मांसात शिरून मोडलं होतं.

"दुखंना का तुला?"

"काय?" भुजंगनं विचारलं. मग स्वतःच्या हाताकडं पाहिलं. "न्हाई."

लालमहंमदनं तार उपसून काढली आणि आपला रुमाल त्याच्या हाताला बांधला.

"भुजंग, ज्याला दुखत न्हाई त्याला भ्यावबी वाटत न्हाई. असल्या माणसाला मी वर चढवत नसतो. भ्याव असलं की पाय बघून पडतो. तू खाली रिंगा कर."

"बरं," भुजंग म्हणाला.

घरं उभी राहिली. भुजंगच्याही वाट्याला एक आलं. दोन खोल्या, पुढं ओटा. त्यानं ते आणि शेत दोन्ही धाकट्या भावाच्या, शेषेरावच्या हवाली केलं आणि लालमहंमदबरोबर लातूरला आला. ज्ञानोबाही आला, आणखी दोघंतिघं आले. बाकीच्यांनी वेगळी खोली घेतली. भुजंगला लालमहंमदनं आपल्याच घरी, मागच्या पडवीत ठेवलं. त्याची बायको अख्तरी दोन्ही वेळा ताट वाढून द्यायची. भुजंग ताट पुसून जेवायचा, धुऊन पालथं घालायचा.

लातूरला तेव्हा क्लासचं वारं शिरलं होतं. मुखेडहून, चाकूरहून, नायगावहून पोरं पत्र्याच्या पेट्या घेऊन एसटीतून उतरायची आणि त्यांच्यामागून डब्याची पिशवी घेतलेले बाप. चौकाचौकात गुणवंतांचे फोटो लागायचे. जिथं काल ज्वारी होती तिथं आज वसतिगृहाचा पाया खोदलेला असायचा. लालमहंमदकडं काम मावत नव्हतं, शिकाऊ माणसांची रांग होती. त्यांना पहिले दोन महिने भुजंगच्या हाताखाली घालायचं असं ठरूनच गेलं. खिळे ठोकलेल्या जाड फळीवर गज कसा वाकवायचा, माप कुठं धरायचं, टोक किती आत घ्यायचं, हे तो शब्द न वापरता शिकवायचा. चुकलं की रिंग हातातून घ्यायचा, सरळ करायचा आणि परत द्यायचा. शिकलेली माणसं वर जायची. नवी यायची. भुजंग फळीपाशीच.

अशी कितीतरी वर्षं गेली. क्लास सुटला की पोरापोरींचे घोळके त्याच्या फळीजवळून जायचे. त्याचा थोरला राहिला असता तर आता ह्यांच्यातलाच एक असता, असं अख्तरीला वाटायचं. भुजंगला काय वाटायचं ते तिला कधी कळलं नाही, आणि तिनं विचारलंही नाही.

एका क्लासच्या इमारतीचं काम चौथ्या मजल्यावर आलं होतं. शेजारच्या प्लॉटवर पाया खोदताना काळा दगड लागला, म्हणून तिथं सुरुंग लावला. सांगायला कुणी आलं नाही. धाडकन आवाज झाला, जमीन हादरली, आणि वर कॉलमच्या गजांना रिंगा बांधणारा ज्ञानोबा तसाच त्या गजांना कवटाळून बसला. खालून हाका मारल्या, शेजारी उभ्या असलेल्यानं हात धरला, तरी सोडेना. डोळे गच्च मिटलेले. "पडायलंय, पडायलंय," एवढंच म्हणत होता.

भुजंग हातातला गज टाकून जिन्यानं वर गेला. लालमहंमदनं मागून हाक मारली ती त्याला ऐकू आली नाही. चौथ्या मजल्यावरून बांबूच्या परांचीवर चढून तो ज्ञानोबापाशी पोचला, त्याच्या पाठीला पाठीमागून छाती लावली.

"ज्ञानू, मी हाव. भुजंग."

"घर पडायलंय."

"ते पडून गेलंय कवाच. हे सुरुंगाचं हाय. उतर."

एकेक बोट सोडवत त्यानं ज्ञानोबाला मोकळं केलं. त्याला पुढं घालून उतरताना त्याची नजर खाली गेली. वाळूचा ढीग ताटाएवढा दिसत होता. बांबूवर हात घट्ट आवळून तो एक एक पाय चाचपत उतरला, आणि जमिनीवर आल्यावर वाळूत बसून त्याला भडभडून उलटी झाली.

लालमहंमदनं पाणी आणून दिलं. "काय झालं?"

"भ्यालो उस्ताद," भुजंग म्हणाला. "लई भ्यालो."

लालमहंमद त्याच्या शेजारी वाळूत बसला. काम तासभर बंद राहिलं. शेजारच्या मुकादमाशी दुसऱ्याच कुणीतरी जाऊन भांडून आलं.

संध्याकाळी भुजंगनं दोन घास खाल्ले आणि थांबला.

"भाभी, डाळीत मीठ जास्त पडलंय."

अख्तरीनं बोट बुडवून चाखलं. खरंच जास्त पडलं होतं. एवढ्या वर्षांत त्यानं ताटातल्या कशाबद्दलही तोंड उघडलं नव्हतं. ती घाईनं आत गेली, दह्याची वाटी आणून ठेवली आणि पुन्हा आत जाऊन थोडा वेळ चुलीपाशी उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी लालमहंमद म्हणाला, "आता तू वर चढलास तर चालंल मला."

"न्हाई उस्ताद. मला भ्याव वाटतं."

लालमहंमदनं आग्रह केला नाही. ज्ञानोबाही त्या दिवसापासून वर गेला नाही. भुजंगनं फळीवर सरकून त्याला जागा करून दिली. दोघं समोरासमोर बसून गज वाकवू लागले. ज्ञानोबा अधूनमधून गावचं काही बोलायचा, चिंचेचं, कुणाच्या बैलाचं, कोंडावहिनीच्या हातच्या धपाट्यांचं. भुजंग माप धरत ऐकायचा. एखादवेळी म्हणायचा, "हाव. तीळ लई घालायची ती," आणि पुढचा गज उचलायचा.